नाकामागच्या घशाचा कॅन्सर: मुलासाठी उपचार ठरवताना

नासोफॅरिंजियल कार्सिनोमा मुलांमध्ये फार विरळ. बहुधा मानेत गाठ आल्यावरच तो लक्षात येतो, तोवर आजार बराच वाढलेला असतो. तरीही तो दूरच्या अवयवांत पसरला नसेल, तर बहुतेक मुलं बरी होतात. म्हणूनच मुलाला पुढची साठ-सत्तर वर्षं काय सोबत घेऊन जगावं लागेल, हे मला निवडीत फार मोलाचं वाटतं.

मुख्य मार्ग दोन. दोन्हींत आधी सिस्प्लॅटिन आणि ५-एफयू या औषधांची केमो, मग रेडिएशनसोबत पुन्हा सिस्प्लॅटिन. अमेरिकी अभ्यासात केमोने गाठ आक्रसली तर ६१.२ ग्रे (रेडिएशनच्या डोसचं एकक), नाही तर ७१.२ ग्रे रेडिएशन दिलं. पाच वर्षांनी सुमारे ८९% रुग्ण हयात होते. जर्मन पद्धतीत साधारण ५९ ग्रे, गाठ पूर्ण विरघळली तर ५४, आणि शेवटी सहा महिने इंटरफेरॉन-बीटा, म्हणजे प्रतिकारशक्तीला चालना देणारी इंजेक्शनं. तिथला आकडा ९७%, पण पाठपुरावा जेमतेम अडीच वर्षांचा आणि मुलं ४५. त्यामुळे ९७ मोठा म्हणून जर्मन पद्धत सरस, असं मी म्हणणार नाही. इंटरफेरॉनचा वाटा किती, हेही त्यातून वेगळं काढता येत नाही. इंजेक्शनांनंतर ताप-अंगदुखी मात्र येते.

दुष्परिणामांत मला सर्वात जास्त काळजी कानांची वाटते. सिस्प्लॅटिनने आधी उंच पट्टीचे आवाज जातात, ते परत येत नाहीत, आणि शाळेत ‘लक्ष नाही’ म्हणून मूल बोलणी खातं. प्रत्येक फेरीआधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या. कान वाचवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट हे औषध सिस्प्लॅटिननंतर सहा तासांनी देतात. आजार पसरलेला नसेल तरच त्याचा विचार होतो, पण तो विषय डॉक्टरांकडे जरूर काढा.

रेडिएशनने तोंड कोरडं पडतं, दात किडतात, जबडा आखडतो. थायरॉइड मंदावतं, पिट्यूटरीला (मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाढीचं संप्रेरक बनवणाऱ्या ग्रंथीला) झळ बसली तर उंची खुंटते. दंतवैद्याकडे रेडिएशनच्या आधीच जा. आयएमआरटीने, म्हणजे गाठीच्या आकाराप्रमाणे किरणांची तीव्रता बदलणाऱ्या रेडिएशनने, लाळग्रंथी बऱ्याच वाचतात. प्रोटॉन किरण गाठीपलीकडे जवळपास थांबतात, त्यामुळे आजूबाजूला कमी डोस पोचतो. पण लाळग्रंथी आणि कान गाठीला खेटून असतात, तिथे फायदा मर्यादित. प्रोटॉनसाठी उपचार लांबवू नका.

केमोनंतरच्या एमआरआयआधीच डॉक्टरांना विचारा: गाठ किती आक्रसली तर तुम्ही डोस कमी कराल?