विमानांचे जुने फोटो स्कॅन करून घेताना : पुण्यातील एका दुकानाच्या सेवेविषयी

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हवाई दलात फिटर होते. त्यांच्या अल्बममधील 46 फोटो मी या वर्षी पुण्यातील पेठेतल्या एका दुकानातून स्कॅन करून घेतले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण पहिल्या खेपेचे काम मला परत करावे लागले आणि दुसऱ्या खेपेचे काम अत्यंत समाधानकारक झाले. फोटोंतील विमाने, गाड्या आणि तुकड्या ओळखता याव्यात एवढाच माझा हेतू होता आणि ही सेवा मी त्याच कसोटीवर तपासली आहे.

फोटो बहुतेक 6 बाय 9 सेंटिमीटरचे, निगेटिव्हवरून थेट उतरवलेले कॉन्टॅक्ट प्रिंट आहेत. असे प्रिंट दिसायला लहान असले तरी त्यांत तपशील भरपूर असतो. दुकानाची नेहमीची पद्धत 300 डीपीआयने (म्हणजे दर इंचाला 300 ठिपके) स्कॅन करण्याची आहे आणि लग्नाच्या फोटोंना ती पुरतेही. विमानाचे गणित मात्र वेगळे आहे. हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाची लांबी सुमारे 9.8 मीटर असते. ते फोटोत 5 सेंटिमीटर भरले, तर शेपटीजवळचा 8 इंच उंचीचा सिरियल नंबर कागदावर जेमतेम 1 मिलिमीटरचा उरतो. त्या अक्षरांच्या रेषेची जाडी 1 इंच, म्हणजे 300 डीपीआयला दीड पिक्सेल आणि 1200 डीपीआयला सहा पिक्सेल. आकडा 3 आहे की 8, हे त्या सहा पिक्सेलांवर ठरते. मी सुरुवातीलाच 1200 सांगितले होते, तरीही पहिली खेप 300 नेच झाली.

त्याहून गंभीर चूक ‘सुधारणे’ची होती. दुकानातील सॉफ्टवेअरने चेहरे गुळगुळीत केले, ओरखडे पुसले आणि अंधुक नंबर स्वतःच्या कल्पनेने ठळक केला. भिंगाखाली मूळ प्रिंटवर स्पष्ट 3 दिसत होता, स्कॅनमध्ये तेथे 8 उमटला होता. ब्रिटिश सिरियल नंबरात एक आकडा बदलला की ते दुसरेच विमान होते आणि त्यावरून शोधलेली स्क्वॉड्रन, म्हणजे विमानांची तुकडीही, चुकीची निघते. ओरखडा असलेला फोटो मला चालतो. ज्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही असा फोटो चालत नाही.

भेट म्हणून त्यांनी एक फोटो रंगवूनही दिला होता आणि त्यात पंखावरील वर्तुळचिन्हाचा मध्य लाल केला होता. मूळ फोटोत तो मध्य जवळजवळ पांढरा आहे. साध्या कॅमेऱ्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर लाल रंग काळपट आणि निळा फिका उतरत असे, त्यामुळे हा मध्य लाल असणे शक्यच नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी विमानांवरील लाल वर्तुळाशी गल्लत होऊ नये म्हणून ब्रिटिश व भारतीय विमानांच्या चिन्हांतून लाल रंग काढून टाकला होता. उरली ती गडद निळ्या आणि फिक्या निळ्या रंगाची लहान वर्तुळे. फोटो कोणत्या आघाडीवरचा, हे सांगणारी खूणच रंगवणाऱ्याने पुसली होती.

हे सारे मी दुकानदारांना मूळ प्रिंट आणि भिंग समोर ठेवून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, पहिल्या खेपेचे पैसे आकारले नाहीत आणि सर्व फोटो पुन्हा 1200 डीपीआयने, कोणतीही प्रक्रिया न करता, 16 बिट टिफ फाइलमध्ये (चित्राचा सगळा तपशील आणि छटा जपणाऱ्या प्रकारात) करून दिले. फरक विलक्षण होता. एका फोटोत आजोबा जीपच्या बॉनेटवर बसले आहेत. पहिल्या स्कॅनमध्ये जीपचा खालचा भाग नुसता काळा ठिपका होता. नव्या फाइलमधील सावली उजळल्यावर रेडिएटरखालचा आडवा दांडा दिसला. तो गोल नळीचा असेल तर जीप विलीजची आणि उलट्या यू आकाराच्या पट्टीचा असेल तर फोर्डची. आमचा दांडा गोल नळीचा आहे.

मागचे विमान मी घाईने हरिकेन समजलो होतो. आता दोन्ही पंखांखाली सारख्याच आकाराचे रेडिएटर, चार पात्यांचा पंखा आणि शेपटीचे चाक आत घेण्याची झडप स्पष्ट दिसते, तेव्हा ते स्पिटफायर मार्क 8 हे दुसरे ब्रिटिश लढाऊ विमान आहे. शेपटीवरचा पांढरा पट्टा पाहता फोटो 1945 मधला किंवा त्यानंतरचा असावा. अंगावर एकच अक्षर आहे, आणि या आघाडीवर अनेक तुकड्यांनी स्क्वॉड्रनची ओळख सांगणारी जोड-अक्षरे लावलीच नव्हती, म्हणून केवळ तेवढ्यावरून तुकडीचे नाव लिहिण्याचा मोह मी टाळला.

फोटोंच्या पाठी स्कॅन करण्याचे वेगळे पैसे पडतात, पण ते जरूर द्यावेत. एका पाठीवर पेन्सिलीने ‘आर. आय. ए. एफ.’ (रॉयल इंडियन एअर फोर्स) असे लिहिले आहे. ‘रॉयल’ हे बिरुद भारतीय हवाई दलाला मार्च 1945 मध्ये मिळाले, त्यामुळे ही नोंद त्याआधीची असू शकत नाही. फोटो मात्र आधीचा असू शकतो, हेही लक्षात ठेवावे लागते. अल्बमला घट्ट चिकटलेले नऊ फोटो त्यांनी उचकटले नाहीत, पानासकट स्कॅन केले, आणि फाइलींना अल्बममधील क्रमानेच आकडे दिले. हा क्रम न सांगता जपला, याचे मला फार अप्रूप वाटले, कारण शेजारच्या फोटोतील तोच तंबू आणि तीच टेकडी पाहून मला आणखी तीन फोटोंची जागा जुळवता आली.

काम दोन आठवड्यांत मिळाले. तेथे जाणाऱ्याने डीपीआय, टिफ आणि ‘सुधारणा नको’ हे तिन्ही मुद्दे पावतीवर लिहून घ्यावेत आणि मूळ प्रिंट परत घेताना एक तरी नंबर भिंगाने ताडून पाहावा.