कापड आणि कागद जोडायची इस्त्रीवाली जाळी: सहा महिने वापरून झाल्यावर

आधी हे नक्की काय आहे ते सांगते, कारण मी पहिल्यांदा शोधायला लागले तेव्हा मला स्वतःलाच दोन-तीनदा भलतीच वस्तू मिळाली. फ्युजिबल वेब म्हणजे नंतर सोलून काढायच्या कागदावर पसरलेली कोरड्या गोंदाची पातळ जाळी, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, हाताला जराशी खरखरीत लागते. हा गोंद म्हणजे उष्णतेने वितळणारं प्लास्टिक, इस्त्री लागली की पाघळतं आणि थंड झालं की वरचा थर आणि खालचा थर दोन्ही धरून ठेवतं. टेलरकडे जे बकरम किंवा फ्युजिंग असतं ना ते हे नाही. त्याला गोंद एकाच बाजूला असतो, कॉलर कडक करायला वापरतात. आपल्याला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पाहिजे, विचारताना "दोन्ही बाजूंनी" हा शब्द नक्की वापरा.

मला हे लागलं कशासाठी तर, बाबा गेले तेव्हा त्यांचे चार कॉटनचे शर्ट मी ठेवून घेतले होते आणि त्यांनी मला हॉस्टेलवर लिहिलेली पत्रंही माझ्याकडे होती. शर्टाचं कापड आणि पत्रातला मजकूर एकत्र करून वहीचं कव्हर करायचं, कापडावर कागद, कागदावर कापड, वरून थोडी शिवण, असं डोक्यात होतं. वेगवेगळी साहित्यं एकत्र वापरायच्या या प्रकाराला मिक्स्ड मीडिया म्हणतात हे मला नंतर कळलं.

सुरुवात घरातल्या पांढऱ्या गोंदाने केली, सगळेच करतात. हा गोंद म्हणजे पीव्हीए, फ्रिट्झ क्लाटे नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये शोधलेला पदार्थ, आणि कागदाला कागद चिकटवायला तो छानच आहे. पण कापड पातळ असेल तर गोंद आरपार येतो आणि वाळल्यावर तिथे चकचकीत कडक डाग राहतो, तो परत जात नाही. दुसरा त्रास पाण्याचा. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात आणि ते सगळ्या दिशांना सारखे फुगत नाहीत, तंतू ज्या दिशेने पडलेले असतात त्याच्या आडव्या दिशेला कागद जास्त वाढतो, म्हणून ओला गोंद लावला की लाटा येतात. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला गोंदाने कापड लावलं की वाळताना ते आकसतं आणि पुठ्ठा वाकतो, बाइंडिंगवाले म्हणूनच आतल्या बाजूला पण कागद चिकटवतात, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी बसते. हे मला माहीत नव्हतं आणि माझी पहिली दोन कव्हरं होडीसारखी वर उचलली गेली.

मग ही जाळी आणली आणि खरंच सांगते, पहिला तुकडा थंड झाल्यावर कागद सोलला आणि शर्टाचं कापड जाड कागदावर असं सपाट बसलेलं बघितलं तेव्हा मी बराच वेळ त्यावरून नुसता हात फिरवत होते. पाणी नाही, वाळायची वाट नाही, लाट नाही, कापडाचा पोत आहे तसा. पट्टेरी शर्टाच्या रेघा एकदम सरळ राहिल्या, ओल्या गोंदात त्या नेहमी वाकड्या व्हायच्या कारण ओलं कापड ओढलं जातं.

दुसरी गोष्ट जी मला सगळ्यात जास्त आवडली, कापडाच्या कडा सुटत नाहीत. आधी जाळी चिकटवायची, मग कात्रीने आकार कापायचा, त्या क्रमाने केलं तर प्रत्येक धागा गोंदाने धरलेला असतो त्यामुळे अगदी नखाएवढं पान किंवा अक्षर कापलं तरी दोरे निघत नाहीत. साध्या कॉटनमधून एवढे बारीक आकार मला आधी कधीच कापता आले नव्हते.

आता वापरायची पद्धत, कारण पाकिटावर जे छापलंय ते फारच अपुरं आहे आणि ते शिवणकाम करणाऱ्यांसाठी लिहिलंय, कागदवाल्यांसाठी नाही. कापड आधी धुऊन घ्या, नव्या कापडाला खळ असते आणि त्यावर गोंदाची पकड नीट बसत नाही, धुताना सॉफ्टनर पण नको. इस्त्रीची वाफ बंद. कागद आहे म्हटल्यावर वाफ नकोच. इस्त्रीवर जे ठिपके असतात त्यात एक ठिपका म्हणजे साधारण ११० डिग्रीपर्यंत, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. मी दोन ठिपक्यांवर ठेवते, आणि इस्त्री घासत नाही, ठेवते, सहा-सात सेकंद दाबते, उचलते, पुढे ठेवते. घासली की जाळी सरकते. मग पूर्ण थंड होऊ द्यायचं आणि मगच पाठचा कागद सोलायचा, ही घाई माझ्याकडून सुरुवातीला सारखी व्हायची, गरम असताना सोललं की गोंद कागदाबरोबरच निघून येतो. इस्त्रीखाली नेहमी बेकिंगचा कागद किंवा टेफ्लॉन शीट ठेवा, वर पण आणि खाली पण. सोललेला तुकडा मग पायाच्या कागदावर ठेवून परत तशीच इस्त्री द्यायची, आणि हे काम झालं की गरम असतानाच जाड पुस्तकांखाली दाबून ठेवायचं, कारण इस्त्रीने कागदातला ओलावा उडतो आणि तो वळायला बघतो.

आकार काढताना एक लक्षात ठेवा, चित्र आपण पाठच्या कागदावर काढतो म्हणून ते उलटं येतं. फुलापानांना फरक पडत नाही पण अक्षराला पडतो. बाबांच्या नावातलं पहिलं अक्षर मी त्यांच्या निळ्या शर्टातून कापलं आणि ते आरशातल्यासारखं आलं, त्या शर्टाचं चांगलं कापड मोजकंच उरलं होतं, खूप वाईट वाटलं. तेव्हापासून अक्षर आधी ट्रेसिंग पेपरवर काढते, तो उलटा करते आणि मग गिरवते.

पत्रांचं पण सांगते आणि हे कृपया लक्ष देऊन वाचा. मूळ पत्र, मूळ फोटो, मूळ काहीही या जाळीवर चिकटवू नका. हा गोंद एकदा बसला की कागदाला इजा न करता परत काढता येत नाही. जुनी कागदपत्रं जपणारे लोक गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात ती यासाठीच, पाण्याने ती परत सोडवता येते. म्हणून मी झेरॉक्स वापरली, पण तिथेही अडचण आली. झेरॉक्स आणि लेझर प्रिंटची शाई म्हणजे टोनर, ती पण मुळात प्लास्टिकचीच पावडर, उष्णतेने चिकटवलेली असते, त्यामुळे इस्त्रीखाली ती परत मऊ होते आणि वर जे काही असेल त्याला चिकटते. बाबांच्या एका पत्राच्या तीन ओळी माझ्या बेकिंग पेपरवर उमटल्या आणि कव्हरवरून फिक्या झाल्या. मूळ पत्र फाइलमध्ये सुरक्षित होतं एवढंच समाधान. यावर उपाय म्हणजे छापलेली बाजू खाली ठेवून कागदाच्या पाठीवर जाळी बसवायची, इस्त्री कमी वेळ ठेवायची, आणि नंतर दाब द्यायचा तो कापडाच्या बाजूने. इंकजेटचं उलट आहे, तिची शाई उष्णतेला बहुतेक टिकते पण ओल्या गोंदाने पसरते, त्यामुळे या जाळीसाठी इंकजेट प्रिंट जास्त बरी, मी आता तेच करते.

वर्तमानपत्राचे तुकडे बरेच जण लावतात, दिसायला सुंदर दिसतात हे मान्य. पण त्या कागदात लिग्निन नावाचं लाकडातलं द्रव्य असतं, तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेजारच्या कापडालाही डाग देतो. टिकायला हवं असेल तर त्याची प्रिंट चांगल्या ॲसिड-फ्री कागदावर काढून ती वापरा. पायाला, म्हणजे सगळ्यात खाली, मी २०० ते ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) जाड कागद घेते.

शिवणीबद्दल. जाळीवर मशीन चालवायची असेल तर हलक्या वजनाचीच जाळी घ्या. जाड जाळी "शिवण नको" वाल्यांसाठी असते, तिच्यातून सुई जाताना सुईला गोंद लागतो, टाके सुटायला लागतात, दोरा तुटतो. मी ९०/१४ नंबरची सुई लावते आणि टाका ३ ते ४ मिलिमीटर ठेवते, बारीक टाका घातला तर कागदाला तिकिटासारखी छिद्रं पडून तो तिथूनच फाटतो. मागेपुढे टाका मारून पक्कं करायचं नाही, दोरे मागच्या बाजूला ओढून हाताने गाठ मारायची. आणि कागदाची सुई वेगळी ठेवा, कागदाने तिची धार लवकर जाते, मग तीच सुई चांगल्या कापडावर लावली की धागे ओढले जातात. हाताने धावदोरा घालणार असाल तर आधी टाचणीने छिद्रं पाडून घ्या.

आता तक्रारी. माझं पहिलं पाकीट गुंडाळी होती, एकदम छान. दुसरं दुसऱ्या कंपनीचं मागवलं ते घडी घालून आलं आणि घडीच्या जागी जाळी कागदापासून सुटून पापुद्र्यासारखी निघत होती, अर्धं पाकीट तसंच गेलं, बदलून मागितलं तर "नॉर्मल आहे" म्हणाले. ते नॉर्मल नाहीये. ही वस्तू नेहमी गुंडाळूनच ठेवायची असते आणि उन्हात, गरम कपाटात ठेवायची नसते, विकणाऱ्याला हे माहीत असायला पाहिजे. शिवाय कापड थोडं कडक होतं, मलमलीसारखं पातळ पांढरं असेल तर जाळीचे ठिपके खालून दिसतात. मखमल, लोकर असल्या केसाळ कापडावर मी नाही वापरत, दाबाने केस बसून जातात. पॉलिस्टर आणि नायलॉनला दोन ठिपक्यांची उष्णता जास्त होऊ शकते, आधी कोपऱ्यावर बघा.

पांढरा गोंद मी पूर्ण सोडलाय असंही नाही. कापडी कागद बनवायला तोच लागतो: प्लास्टिकवर साधं पातळ सुती कापड पसरायचं, गोंदात तेवढंच पाणी घालून ब्रशने लावायचं, त्यावर कागदाचे तुकडे, वरून टिश्यू पेपर, परत गोंद-पाणी, आणि रात्रभर वाळू द्यायचं. सकाळी प्लास्टिकवरून सोललं की एक चामड्यासारखा लवचिक ताव मिळतो जो मशीनवर मस्त शिवता येतो. त्याची मजा वेगळीच आहे, ती जाळीने येत नाही. पण ठरलेला आकार, सरळ रेघा, स्वच्छ कडा हव्या असतील तर जाळीच.

हे करताना मला मेरी डेलनीबद्दल वाचायला मिळालं. इंग्लंडमधली ही बाई नवरा गेल्यानंतर, वयाच्या ७२ व्या वर्षी, १७७२ मध्ये रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या कागदावर चिकटवून फुलं करायला लागली. नजर साथ देईनाशी होईपर्यंत, साधारण दहा वर्षं, ती करत राहिली, ९८५ फुलं झाली आणि ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. अडीचशे वर्षं होत आली त्याला. मी हे वाचलं त्याच दिवशी वर्तमानपत्राचे लावलेले तुकडे काढून टाकले आणि ते कव्हर नव्याने केलं.

नवीन माणसाने काय घ्यावं विचाराल तर हलक्या वजनाची, गुंडाळीतली, छोटी. चुकायला दोन-तीन ताव बाजूला ठेवा आणि पहिले प्रयोग ज्या कापडाची माया नाही त्यावर करा. मी स्वतः परत हीच घेणार आहे. सध्या माझ्याकडे तीन ताव उरलेत आणि बाबांच्या चौथ्या शर्टाचा खिसा अजून कापलेला नाही. तो न कापता अख्खाच कव्हरवर बसवायचाय, फक्त कडांना जाळीच्या पट्ट्या लावून, म्हणजे वरून उघडा राहील आणि त्यात एक पत्र ठेवता येईल.