ई-१ की टी-१: केबीपीएसचा हिशेब

अनेक फोन कॉल किंवा डेटा एकत्र नेणारी डिजिटल लाइन: भारतात, युरोपात ई-१, अमेरिकेत टी-१. पाया एकच: आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ हजार बिट) टाइमस्लॉट, एका कॉलची जागा. ई-१ मध्ये असे ३२, एकूण २,०४८; शून्य क्रमांकाचा फ्रेमिंगला (फ्रेमची सुरुवात ओळखायला; फ्रेम म्हणजे सगळ्या स्लॉटची एक फेरी) जातो, उरतात १,९८४. टी-१ मध्ये २४ स्लॉटचे १,५३६, शिवाय दर फ्रेमला १ जादा बिट, म्हणजे ८,००० फ्रेमचे आणखी ८ केबीपीएस: एकूण १,५४४. हे ८ विसरले की बेरीज जुळतच नाही.

खरा घोळ होतो तो १,०२४ ने भागल्यामुळे. लाइनच्या वेगात किलो म्हणजे १,०००च, म्हणून ई-१ हा २.०४८ एमबीपीएस, नुसता २ नव्हे. बाइटसाठी ८ ने भागा: हाती येणारे सेकंदाला ई-१ वर २४८ आणि टी-१ वर १९२ किलोबाइट. १० कोटी बाइटची फाइल ई-१ वर ६ मिनिटं ४३ सेकंद घेते, टी-१ वर ८ मिनिटं ४१. प्रोटोकॉलचा (डेटासोबत जाणाऱ्या नियंत्रण माहितीचा) भार वेगळा. टी-१ वर सिग्नलिंगसाठी (कॉल जोडण्या-तोडण्याच्या खुणांसाठी) स्लॉटमधलाच बिट उचलला जात असेल, तर डेटासाठी स्लॉट ५६ केबीपीएसचाच धरा.