लेगसी बोर्ड गेम घेताना: एकदाच संपणारा डबा की पुन्हा मांडता येणारा पट?

लेगसी प्रकारच्या खेळात, म्हणजे डावागणिक पट आणि कार्डं कायमची बदलत जाणाऱ्या बोर्ड गेममध्ये, पहिलं कार्ड फाडायची वेळ आली की चौघांत एक जण हमखास म्हणतो, "अरे थांब, फाडू नको, ठेव बाजूला." हजारो रुपये मोजून आणलेलं कार्ड आपल्याच हातानं फाडायचं, पटावर कायमचं स्टिकर डकवायचं, पेननं नावं लिहायची, हे आपल्याकडं सहजासहजी पचत नाही. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून त्यांची नवी वही शिवणाऱ्या घरांतली माणसं आपण. त्यामुळं संभाजीनगर, लातूर, नांदेडकडं असा खेळ घेऊ पाहणारा पहिल्यांदा हेच विचारतो: संपल्यावर पुन्हा खेळता येतो का?

या प्रश्नात दोन प्रश्न गुंतलेत. खेळ परत शून्यावर आणता येतो का, हा एक. मोहीम, म्हणजे ठरलेल्या डावांची मालिका, संपल्यावर त्याच बदललेल्या पटावर पुढं खेळत राहता येतं का, हा दुसरा. शिवाय डब्यात दोन गोष्टी खर्च होतात, कागद आणि बंद पाकिटांत लपवलेलं गुपित. कागद थोड्या कष्टानं वाचवता येतो. फोडलेलं गुपित मात्र परत पाकिटात घालता येत नाही. म्हणून खेळ कशावर उभा आहे ते आधी बघायचं आणि मग पैसे मोजायचे.

गुपितावर उभ्या असलेल्या खेळांत सगळ्यात ठळक नाव पँडेमिक लेगसी सीझन १ (२०१५, रचनाकार मॅट लीकॉक आणि रॉब डेव्हियाऊ). २ ते ४ जणांनी मिळून रोगाच्या साथींशी लढायचं. जानेवारी ते डिसेंबर असे १२ महिने असतात. एखाद्या महिन्यात हरलात तर तोच महिना आणखी एकदा खेळायला मिळतो, आणि दुसऱ्यांदा हरलात तरी पुढच्या महिन्यात जावंच लागतं. म्हणजे किमान १२ आणि कमाल २४ डाव. सुरुवातीला मदतीची ४ कार्डं मिळतात. हरलं की पुढच्या डावाला २ वाढतात, जिंकलं की २ कमी होतात, त्यामुळं नवखी चौकडीही फरफटत जात नाही. एखाद्या शहरात उद्रेक झाला की त्या शहरावर घबराटीचं स्टिकर लागतं आणि ते वर्षभर तिथंच राहतं. पात्रांना जखमा होतात, आणि जखमांची जागा संपली की ते पात्र कायमचं जातं. फाडायचं कार्ड ते हेच.

हा डबा परत शून्यावर आणण्यासाठी जीव काढू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पुढं काय होणार हे माहीत नसणं हाच त्याचा प्राण. दुसऱ्यांदा खेळाल तेव्हा कुठल्या महिन्यात काय येणार हे ठाऊक असेल, आणि ठाऊक नसल्यासारखं वागत चार तास बसणं कंटाळवाणं होतं. एक मात्र सांभाळायचं: लेगसी कार्डांचा, म्हणजे पुढं काय घडणार ते सांगणाऱ्या कार्डांचा, गठ्ठा कधीही पिसायचा नाही. पत्ते हातात आले की पिसायची सवय असलेला एखादा गडी असतोच. तो गठ्ठा क्रमानं एकेक कार्ड उघडायचा आणि जिथं थांबायला सांगितलंय तिथं थांबायचा. पिसला गेला तर क्रम लावण्यासाठी कार्डांचे आकडे बघावे लागतात, आणि आकडे बघताना मजकूर डोळ्यांखालून जातोच. सुरुवातीलाच त्याला रबर लावून वेगळ्या डबीत ठेवलेला बरा.

रिस्क लेगसीची (२०११) गोष्ट वेगळी आहे. या प्रकाराची सुरुवातच त्याच्यापासून झाली. ३ ते ५ खेळाडू, १५ डाव, आणि जिंकणारा पटावर सही करतो. प्रत्येक सैन्याला दोन शक्तींपैकी एकच निवडायची असते, उरलेली टाकून द्यायची. यातही बंद पाकिटं आहेत, पण खरी मजा तुमच्या टोळक्यानं घडवलेल्या नकाशाची. कुणी कुठं शहर वसवलं, कुणी कुणाची वाट अडवली, हे पटावर दिसत राहतं. १५ डावांनंतर बदल थांबतात आणि पट खेळण्याजोगाच राहतो. तो कोरा करण्यात काही हशील नाही. त्या सह्यांसकट खेळण्यातच गंमत आहे.

"मोहीम तर हवी, पण शेवटी हातात धड खेळही उरला पाहिजे" असं ज्यांचं म्हणणं असेल त्यांच्यासाठी तीन नावं. चार्टरस्टोनमध्ये (२०१७) १ ते ६ खेळाडू १२ डावांत मिळून एक गाव वसवतात. त्याचा पट दोन्ही बाजूंनी छापलेला असतो. प्रकाशक नवी कार्डं आणि स्टिकरं असलेलं रिचार्ज पॅक वेगळं विकतो, त्यातून पटाच्या मागच्या बाजूवर दुसरी मोहीम लावता येते. आणि ते नको असेल तर तयार झालेल्या गावात खेळत राहा. टिकट टू राइड लेगसी: लेजंड्स ऑफ द वेस्ट (२०२३) २ ते ५ जणांचा, तोही १२ डावांचा. नकाशा अमेरिकेच्या पूर्वेकडून सुरू होतो, तुकडे जोडत जोडत पश्चिमेकडं वाढतो, आणि शेवटी तुमचाच असा रेल्वेचा नकाशा उरतो.

तिसरा, मराठवाड्यातल्या घराला सगळ्यात जास्त मानवेल असा, राइनर क्निझियाचा माय सिटी (२०२०). प्रत्येकाला स्वतःचा पट. एक कार्ड उलटायचं, त्यावर दिसेल तो इमारतीचा तुकडा सगळ्यांनी आपापल्या पटावर बसवायचा. २४ भाग, प्रत्येकी अर्ध्या तासाच्या आत. आणि पट उलटा केला की मागं कायमचा खेळ छापलेला आहे, त्याला स्टिकर लागत नाही. कार्डांवर इंग्रजी वाचत बसावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. नियम एकानं मराठीत सांगितले की आजी आणि पाचवीतला नातू एकाच टेबलावर बसू शकतात. पँडेमिक लेगसीत हे जमत नाही; तिथं कार्डावरचा मजकूर वाचून मराठीत सांगणारा एक जण कायम लागतो, आणि त्याच्यावर भार पडतो.

ग्लूमहेवन (२०१७) चा डबा प्रचंड मोठा, ९५ प्रसंगांचा. स्टिकरं मुख्यतः नकाशावर आणि कार्डांवर लागतात, आणि काढता येणारी स्टिकरं वेगळी विकत मिळतात, त्यामुळं तो परत शून्यावर आणणं सगळ्यात सोपं. पण ९५ प्रसंग संपवणारी चौकडी क्वचितच भेटते. आधी त्याचंच छोटं रूप, जॉज ऑफ द लायन (२०२०), घ्यावं: २५ प्रसंग, ४ पात्रं, आणि लढाईचे नकाशे थेट पुस्तकाच्या पानांवर छापलेले, त्यामुळं मांडामांड कमी. लहान मुलांसाठी झोंबी किड्झ इव्होल्यूशन (२०१८): ७ वर्षांपासून पुढं, पाच ते पंधरा मिनिटांचा डाव, १३ पाकिटं. यात खेळात भर पडत जाते, नासत काही नाही.

एका संध्याकाळीच चव बघायची असेल तर एक्झिट आणि अनलॉक या कोडी सोडवायच्या खेळांच्या दोन मालिका शेजारी ठेवून बघा. एक्झिटमध्ये कापायचं, दुमडायचं, मग कागद कचऱ्यात. अनलॉक मोबाइलवरच्या अॅपसोबत चालतो, काही फाटत नाही, आणि खेळून झाला की दुसऱ्या घरी देता येतो. कोडी मात्र दोन्हीकडं एकदाच सुटतात.

पैशाचा हिशेब भावनेनं करू नका. समजा डबा ५००० रुपयांचा, चौघं आणि १८ डाव. माणशी एका डावाला सत्तर रुपयेसुद्धा पडत नाहीत. कायम खेळता येणारा २५०० चा खेळ आणला आणि चौघांत पाचच वेळा कपाटातून निघाला, तर माणशी १२५ पडले. संपणारा खेळ महाग ठरतो तो मोहीम अर्ध्यात राहिली तर, आणि आपल्याकडं ती अर्ध्यात राहते ती माणसांमुळं. दहावी-बारावीच्या परीक्षा, एप्रिल-मेमधली लग्नं, जूनची पेरणी, मग कुणी नोकरीसाठी पुण्याला. दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीच्या आत संपवायची मोट बांधता येत असेल तरच १२ पेक्षा जास्त डावांचा खेळ घ्यावा. पँडेमिक लेगसीत एखादा आला नाही तरी बाकीचे खेळू शकतात. माय सिटीत तसं नाही, प्रत्येकाचा पट प्रत्येकाचाच असतो.

आता कागद वाचवायचाच असेल तर कसा. कार्ड फाडू नका, एका लिफाफ्यात घालून वर "गेलेली कार्डं" असं लिहा. नियमांच्या दृष्टीनं काही फरक पडत नाही. स्टिकर लागणारी कार्डं आधी स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या मापाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात, घाला आणि स्टिकर स्लीव्हवर लावा. बहुतेक खेळांची कार्डं ६३ बाय ८८ मिलिमीटरची असतात, तरी पट्टीनं मोजूनच स्लीव्ह मागवा. नियमपुस्तकात स्टिकर लावायच्या पानांची झेरॉक्स काढा आणि तीच वापरा. बंद पाकिटांचे फोटो मात्र आधी काढायचे नाहीत. पाकीट फुटेल तसतसे काढा.

अवघड जातो तो पट. टेबलावर अंथरायचं पारदर्शक प्लॅस्टिक मीटरवर मिळतं. पट उघडून मापानं कापा, दोन कोपऱ्यांना बाइंडर क्लिप लावा, आणि स्टिकर प्लॅस्टिकवर लावा. क्लिप नसल्या तर प्लॅस्टिक सरकतं आणि स्टिकर शेजारच्या शहरावर जाऊन बसतं. खेळ झाला की हे प्लॅस्टिक पटावर तसंच ठेवून डबा बंद करू नका. उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेला की मऊ प्लॅस्टिक छापील पृष्ठभागाला चिकटतं, आणि ओढताना शाई घेऊन येतं. ते वेगळं गुंडाळून ठेवा.

काही जण स्टिकर सुती कापडावर दोन-तीनदा दाबून त्याचा चिकटपणा कमी करतात. हे थोड्या दिवसांपुरतं चालतं. काढताना हेअर ड्रायरची कोमट हवा वीस-तीस सेकंद द्यायची आणि स्टिकर वर न उचलता पटाला समांतर, सावकाश मागं ओढायचं. वर्षभर तसंच राहिलेलं स्टिकर मात्र पटाच्या वरच्या कागदाचा पापुद्रा घेऊनच निघतं. न वापरलेल्या स्टिकरांचे कागद पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर ठेवू नका. तिथला डिंक पातळ होऊन कडांबाहेर येतो आणि कागद एकमेकांना चिकटतात. स्टिकर लावताना पंखा बंद करा. मे महिन्यात जिवावर येतं, पण नखाएवढं स्टिकर उडून सतरंजीखाली गेलं की सगळे शोधत बसतात.

या सगळ्यानं प्रत्येक डावाला पंधरा-वीस मिनिटं वाढतात. चार्टरस्टोनला ही खटपट करण्यात अर्थ नाही, त्याचं रिचार्ज पॅक मिळतं. जॉज ऑफ द लायनला आणि मुलांच्या खेळांना करावी, कारण ते धाकट्या भावंडांकडं जाऊ शकतात.

वापरलेला डबा घेणार असाल तर एक्झिटला हातच लावू नका. ग्लूमहेवनचा घ्यायला हरकत नाही, पण कार्डांवर कायमची स्टिकरं लागलीत का ते बघा. पँडेमिक लेगसी असेल तर झाकण उघडून सगळी पाकिटं आणि डब्या सीलबंद आहेत ना आणि लेगसी गठ्ठ्यातलं पहिलंच कार्ड वर आहे ना, एवढं समोर बसून तपासा. एकही पाकीट फुटलेलं निघालं तर अर्ध्या किमतीतही घेऊ नका.