पावतीवर लिहिलं होतं ‘रोपे’

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या वाडीत पुन्हा एक टेम्पो येऊन गेला. मागे काळ्या पिशव्यांतली काजूची हिरवीगार झाडं, प्रत्येकाच्या खोडाला गुंडाळलेली पांढरी पट्टी. ‘वेंगुर्ला सात, खात्रीची कलमं.’ शेजारच्या सुनेने पन्नास घ्यायचं कबूल केलंय असं संध्याकाळी कळलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. २०१६ साली याच चार शब्दांवर विश्वास ठेवून मी दोनशे खड्डे भरले होते. आजवर हे घरातच ठेवलं, आता लिहून काढते.

आमचं गाव सावंतवाडी तालुक्यात. घराच्या मागे अडीच एकर वरकस, म्हणजे हलकी माळजमीन, त्यात निम्मा कातळ. मालक, म्हणजे माझे यजमान, मुंबईला नोकरीत, शेती मी आणि सासूबाई बघायचो. जुनी सात-आठ गावठी काजूची झाडं होती, त्यांची बी वर्षाच्या मीठ-मिरचीला पुरायची. मालकांची नोकरी संपायला आली तेव्हा ठरवलं, की अडीच एकरात सात-सात मीटरवर दोनशे कलमं लावायची. वाण वेंगुर्ला-७. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९९७ साली दिलेला हा वाण आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे, कारण त्याची एक बी सरासरी दहा ग्रॅमची भरते. शंभर बिया उचलल्या की किलो. शंभर किलो बी फोडली की तीस किलोच्या आसपास गर निघतो. काजूची बी वेचून कंबर मोडलेल्या बाईला बी मोठी असण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

केंद्रात चौकशी केली तर आगाऊ नोंदणी करायची होती, आणि आमचा नंबर त्या पावसाळ्यात लागणार नव्हता. खड्डे तर तयार होते. एप्रिलभर दोन गडी पहारीने खणत होते, कातळातल्या तीसेक खड्ड्यांना ब्रेकर लावावा लागला. माती, शेणखत, सुपर फॉस्फेट घालून खड्डे भरून ठेवले होते आणि पाऊस दारात होता. वर्ष फुकट जाणार या विचाराने मी कासावीस झाले होते. फसवणारा माणूस नेमका अशाच वेळी भेटतो. त्याला ठाऊक असतं की मे अखेरीला रिकामे खड्डे असलेला माणूस जास्त प्रश्न विचारत नाही.

आमच्या बचतगटातल्या एकीच्या दिराच्या ओळखीचा तो कलमं विकणारा. चांगला बोलणारा, घरी आला की आधी सासूबाईंच्या पाया पडणारा. “ताई, सरकारी नर्सरीत वर्षभर थांबाल. मी परवा माल उतरवतो.” एक कलम ११० रुपये, दोनशे घेतली तर ९०. अठरा हजार झाले, सगळे रोख दिले. मी भीत भीतच पावती मागितली, ओळखीच्या माणसाकडे कागद मागायचा म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटत होतं. त्याने वहीचं पान फाडून लिहून दिलं: ‘काजू रोपे २०० नग, रु. १८,०००, मिळाले.’ खाली सही. मी ते पान देवघरातल्या डब्यात ठेवलं. ‘कलमे’ असं न लिहिता त्याने ‘रोपे’ लिहिलंय आणि वाणाचं नाव कुठेच नाही, हे माझ्या लक्षात पाच वर्षांनी आलं. त्याच्या हातून ते चुकून झालं नव्हतं, याची मला आता खात्री आहे.

हा फरक शेतीबाहेरच्या माणसाला शब्दांचा खेळ वाटेल, म्हणून सांगते. काजूत परपरागीभवन होतं. चांगल्या झाडाची बी रुजवली तरी येणारं झाड आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून गावठी बी पिशवीत रुजवतात, दीड-दोन महिन्यांच्या कोवळ्या रोपाचा शेंडा उडवून मधोमध चीर देतात, आणि मातृवृक्षाची, म्हणजे ज्या वाणाचं झाड हवं त्या खात्रीच्या झाडाची, पेन्सिलीएवढी काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतात. वर प्लास्टिकची पट्टी आवळतात. हे मृदुकाष्ठ कलम. काडी जगली की वरचं सगळं झाड त्या मातृवृक्षाचंच असतं. त्याला मातृवृक्षांची बाग लागते, हात बसलेला कारागीर लागतो, आणि तरीही काही कलमं मरतात. नुसतं रोप करायला बी आणि पिशवी पुरते. आमच्या झाडांना त्याने चाकूने एक चरा दिला होता आणि त्यावर पट्टी गुंडाळली होती. काही पिशव्यांत खरी बांधलेली काडी मेली होती आणि खालच्या गावठी रोपाचा धुमारा, म्हणजे नवा फुटवा, वाढवून ठेवला होता. थोडी खरी कलमंही मुद्दाम मिसळली होती. टेम्पोच्या तोंडाशी तीच होती, आणि त्याने उचलून दाखवली ती त्यातलीच.

खुणा होत्या, मला वाचता आल्या नाहीत. सहा महिन्यांचं काजूचं कलम गुडघ्याच्याही खालीच असतं, आणि सांध्याशी थोडं वाकडं, गाठाळलेलं. आमची झाडं दोन-अडीच फूट, सरळसोट, टवटवीत. ती बघून मला आनंद झाला होता! लागवडीनंतर दोन महिन्यांनी गडी पट्ट्या सोडत होता, तेव्हा तो म्हणाला, “वैनी, पट्टी सोडलंय, पण सांधो खंय दिसना नाय.” मी त्याला म्हटलं, चांगला जुळला असेल. तो माणूस चाळीस वर्षं काजूत राबलेला. त्याचं ऐकून त्याच दिवशी एक झाड घेऊन कृषी कार्यालयात गेले असते तर निदान तक्रार वेळेत झाली असती.

कलम तिसऱ्या वर्षी धरायला लागतं. २०१९ च्या जानेवारीत शेजारच्या बागेत मोहोर लटकत होता आणि आमच्या दीडशेहून जास्त झाडांवर नुसती पालवी. कलमं विकणाऱ्याला फोन केला. “ढेकण्या पडला असेल ताई, फवारणी करा.” ढेकण्या ही काजूवरची कीड आमच्याकडे पडतेच. ढगाळ हवा आली की कोवळी पालवी आणि मोहोर करपवून टाकते, त्यामुळे मला ते पटलं. तीन फवारण्या केल्या. पुढच्या वर्षी पुन्हा फोन, तेव्हा तो म्हणाला कातळात खत कमी पडतंय, मात्रा वाढवा. मी वाढवली. माझी दोन वर्षं त्याने अशी फोनवरच घालवली. त्या सल्ल्यांनी माझं नुसतं औषधाचं बिल वाढलं नाही, तक्रार करायची मुदतही निघून गेली.

२०२१ च्या मार्चमध्ये पहिल्यांदा बऱ्यापैकी बी पडली. मी टोपली घेऊन वेचत होते, सासूबाई काठी टेकत मागून आल्या. तेव्हा त्यांना नीट दिसतही नव्हतं. खाली पडलेली दोन बोंडं, म्हणजे बी लागते ती काजूची फळं, हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाल्या, “गो, ह्येका पिवळो बोंडू, त्येका तांबडो. ही एका आवशीची पोरां न्हय.”

मी तिथेच खाली बसले. वेंगुर्ला-७ चं बोंड पिवळं असतं. एका वाणाची दोनशे कलमं म्हणजे एकाच झाडाच्या दोनशे फांद्या, त्यांच्यात रंग बदलेल कसा? उठून झाडंझाड फिरले. पिवळी, तांबडी, नारिंगी, कुठे लांबट तर कुठे चेपकी. संध्याकाळी स्वयंपाकघरात एक किलो वाळलेली बी तोलून मोजली. दोनशे अठरा भरली. शंभरच्या जागी दोनशे अठरा. दुकानदाराकडे नेली तेव्हा त्याने मूठभर हातात घेऊन टाकली आणि ‘बारीक बी’ म्हणून शेजाऱ्यापेक्षा किलोमागे अठरा रुपये कमी लावले. त्याच्यावर माझा राग नाही, त्या बीची किंमत तेवढीच होती.

मुलगा लॉकडाऊनपासून घरीच होता. आम्ही दोघांनी प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी बसून सांध्याची खूण शोधली. जगलेल्या १८३ झाडांपैकी ३१ ना सांधा होता. त्यातलीही बावीसच पिवळ्या बोंडाची आणि मोठ्या बीची, उरलेली नऊ भलत्याच कुठल्या झाडाची काडी लावलेली. अठरा हजारांत मला वेंगुर्ला-७ ची बावीस झाडं मिळाली होती. आणि अठरा हजार हा या हिशेबातला सगळ्यात लहान आकडा आहे. खड्डे, ब्रेकर, गुरं आत येऊ नयेत म्हणून घातलेला दगडी गडगा, दर वर्षीची गवतकापणी, खत, फवारण्या, हे सगळं खऱ्या कलमांना जेवढं लागलं असतं तेवढंच या रोपांनाही लागलं. गेलेली पाच वर्षं तर कशात मोजायची?

कृषी कार्यालयातले साहेब बागेत येऊन गेले, नीट पाहिलं, नीट बोलले. आपल्या राज्यात फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी १९६९ सालापासून कायदा आहे, परवाना लागतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यांनी विचारलं: परवाना क्रमांक? पक्कं बिल? कलमांना लावलेली लेबलं? मी डब्यातलं पान पुढे केलं. त्यांनी वाचलं आणि बोट ‘रोपे’ या शब्दावर ठेवलं. “त्याने तुम्हाला रोपंच विकली असं तो म्हणेल.” वकिलांनी सांगितलं की ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जायला हवं. फसवणूक उशिरा कळली असं मांडता येतं, पण मांडायला वाण लिहिलेला कागद लागतो. विकणाऱ्याचा फोन तोवर लागेनासा झाला होता. जिथे त्याची नर्सरी म्हणून पाटी होती तिथे चिऱ्यांचा ढीग पडलेला. गटातली बाई अजूनही माझ्यासमोर मान वर करत नाही. तिच्या दिराचा यात एक पैशाचा फायदा नव्हता, त्यालाही तो तेवढाच ओळखीचा होता.

आता त्या झाडांचं काय केलं तेही सांगते, कारण अशी बाग आणखी कुणाची असेल. चाळीस झाडं कमरेएवढी उंची ठेवून छाटली आणि फुटलेल्या धुमाऱ्यांवर खात्रीच्या काड्या बांधून घेतल्या. सव्वीस जगली. बाकीच्यांच्या छाटलेल्या खोडांत खोडकिडा शिरला, बुंध्यातून भुसा आणि डिंक यायला लागला आणि झाडं उभी वाळली. त्यामुळे सगळी बाग एकदम छाटू नका, थोडी थोडी करा, आणि छाटलेल्या झाडाचा बुंधा दर आठवड्याला वाकून बघा. उरलेल्या गावठी झाडांची थोडी बी हिरवी असतानाच काढून ओले काजूगर करते. ते शेकड्यावर जातात, हात चिकाने सोलवटून निघतात, पण सुक्या बारीक बीपेक्षा चार पैसे जास्त सुटतात.

शेजारच्या सुनेला मी दुसऱ्या दिवशी बागेत नेलं आणि खऱ्या कलमाच्या बुंध्यावरून तिचा हात फिरवला. तिला सांगितलं तेच इथे लिहिते. टेम्पोवर कलमं घेऊ नकोस. रोपवाटिकेत स्वतः जा आणि आधी मातृवृक्ष दाखवायला सांग, कारण सांधा खरा असला तरी काडी कुठली हे डोळ्यांनी कळत नाही. हंगामात गेलीस तर त्या झाडाखालची बी उचलून बघ. तू निवडशील त्या पाच-सहा पिशव्यांच्या पट्ट्या तिथेच सोडून दाखवायला सांग, पुढे केलेल्या पिशव्यांच्या नकोत. मातीपासून वीतभर उंचीवर पाचरीचा सांधा दिसला पाहिजे, त्याखाली एकही फूट नको. आणि बिलावर ‘वेंगुर्ला-७ मृदुकाष्ठ कलमे’ असं पूर्ण लिहून घे, परवाना क्रमांक आणि तारखेसकट. तो ‘नंतर देतो’ म्हणाला तर पैसेही नंतर दे. यंदा नंबर लागला नाही तर खड्डे एक पावसाळा रिकामे राहू देत, त्यात भोपळ्याचे वेल सोड. आणि लागवडीनंतर गडी काही म्हणाला तर त्याचं ऐक.

विक्रीचंही तसंच. २०२४ च्या हंगामात सरकारने काजू बीला किलोमागे दहा रुपये अनुदान दिलं, तेव्हा विक्रीची पावती मागितली. वर्षानुवर्षं दुकानात बी ओतून रोख घेऊन येणाऱ्या आमच्या वाडीतल्या बायकांकडे ती नव्हती.

सावंतवाडी, दोडामार्ग, कुडाळ भागात २०१५ ते २०१७ मध्ये कुणी अशी टेम्पोवरची ‘वेंगुर्ला सात’ लावली असतील, तर येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एक काम करा. झाडं मोजा, किती पिवळ्या बोंडाची आणि किती तांबड्या हे लिहून ठेवा, एका किलोत किती बिया भरतात ते मोजा, फोटो काढा. आणि वहीच्या पानावरची पावती घरात कुठे असेल तर शोधा. माझ्याकडचं पान अजून त्याच डब्यात आहे. अक्षर जुळलं तर कृषी कार्यालयात आपण सगळ्यांचा मिळून एकच अर्ज देऊ.