एडिनबरातून एकच दिवस: स्टर्लिंग की सेंट अँड्र्यूज?

गेल्या महिन्यात दोघींनी हेच विचारलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

जायला स्टर्लिंग सोपं. एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरनं डायरेक्ट ट्रेन, तासाभराच्या आत पोचता. सेंट अँड्र्यूजला स्टेशनच नाहीये, ल्यूकर्सला उतरून पुढे बस.

इतिहास बघायचाय तर मी डोळे झाकून स्टर्लिंग म्हणेन, कारण तिथला किल्ला अजून धडधाकट उभा आहे, ग्रेट हॉल, राजाराणीच्या खोल्या, सगळं आत फिरून बघता येतं, आणि १५४३ मध्ये स्कॉटलंडची राणी मेरी हिचा राज्याभिषेक इथेच झाला, तेव्हा ती जेमतेम नऊ महिन्यांची होती! राणीच्या खोलीत लाकडी पॅनेलमागे अडकलेला सोळाव्या शतकातला फुटबॉल सापडला होता, आत डुकराचं मूत्राशय आणि वरून चामडं, आत्ताच्या बॉलच्या निम्मा असेल. तो बघायचा तर खाली गावात स्मिथ म्युझियममध्ये जा.

वॉलेस मॉन्युमेंट दुसऱ्या टेकडीवर, तिकीट वेगळं. २४६ गोल अरुंद पायऱ्या, लिफ्ट नाही, माझ्या सासूबाई खालीच चहा घेत बसल्या. पण वरून फोर्थ नदीची वळणं दिसली की १२९७ ची स्कॉटिश-इंग्रज लढाई समजते: अरुंद पुलावरून निम्मंच इंग्रज सैन्य अलीकडे आलेलं असताना स्कॉटिश सेनानी वॉलेस आणि मरेनी हल्ला केला, मागे नदी, पळणार कुठे.

सेंट अँड्र्यूजचं कॅथेड्रल म्हणजे आता पडक्या भिंती, पण मागे समुद्र असल्यामुळे पाय निघत नाही. किल्लाही पडकाच, पण तिथलं भुयार चुकवू नका. १५४६-४७ च्या वेढ्यात बाहेरच्यांनी सुरुंग खणायला घेतला आणि आतल्यांनी तो गाठायला उलट दिशेने दुसरा खणला, आधी एक-दोनदा चुकीच्या जागी. आतल्यांचं भुयार इतकं बुटकं की मी जवळजवळ रांगतच गेले, बाहेरच्यांचं मात्र ऐसपैस. मुलं असतील तर त्यांना हेच लक्षात राहील.

बाकी १४१३ ची युनिव्हर्सिटी, गल्ल्या, बीच, हे सगळं पायी होतं आणि चढ फारसे नाहीत, त्यामुळे गुडघे दुखणारं कोणी बरोबर असेल तर इकडेच या. गोल्फमध्ये इंटरेस्ट नसला तरी रविवार गाठा, त्या दिवशी ओल्ड कोर्स या इथल्या जुन्या गोल्फ मैदानावर सहसा खेळ बंद असतो आणि गावातले लोक कुत्री घेऊन फिरायला येतात, आपणही तिथल्या छोट्या दगडी स्विल्कन ब्रिजवर फोटो काढून यायचं.