लाल रेघ स्वयंपाकघरातून जाते

चाळीस वर्षं हातात थापी होती, त्यामुळं कुठल्याही घरात शिरलो की माझी नजर आधी भिंतीच्या ओळंब्याकडं जाते. बेळगावच्या शहापुरात रस्तारुंदीत जाणारी तीन घरं पाडायच्या आधी पंधरा दिवस गल्लीतल्या पोरांनी चित्रांसाठी मागून घेतलीत, असं नात म्हणाली. मी चित्रं बघायला गेलोच नव्हतो, भिंती बघायला गेलो होतो.

नाथ पै चौकातून चालत पाच मिनिटं. तिकीट नाही. ‘चपला काढू नका’ ही दारातली पाटी बघून कसंतरीच झालं, पण आत कौलांचे तुकडे पडलेत, तेव्हा बरोबरच आहे म्हणा. पाट्या वर कन्नड, खाली मराठी, अक्षरं एका मापाची. बेळगावात एवढ्यावरून काय काय झालंय ते मी कशाला सांगू? इथं कुणी हूं की चूं केलं नाही.

पहिलं घर चुकवलं तरी चालेल. मोर, कमळ, एक भला मोठा डोळा. पोरांनी मन लावून काढलंय, पण हे शाळेच्या कंपाउंडवरही काढता आलं असतं.

दुसऱ्या घरात मी तासभर होतो. मोजणीवाले भिंतीवर लाल रेघ आणि आकडा टाकून जातात, हे गल्लीत सगळ्यांना पाठ. पोरांनी तीच रेघ उंबऱ्यावरून आत आणली, सोप्यातून थेट स्वयंपाकघरात. चुलीचा कट्टा अर्धा अलीकडं, अर्धा पलीकडं. देव्हाऱ्याचा कोनाडा वाचलाय, डब्यांची फळी रस्त्यात गेली. घरातल्या आजी संध्याकाळी तिथं येऊन बसतात. म्हणाल्या, “हितं झोपत होतो मी. उशी घरात, पाय रस्त्यात. बघा की!” आणि हसल्या.

त्याच घरात हातभर भिंत खरवडून रंगाचे थर उघडे केलेत. वर गुलाबी डिस्टेंपर, खाली पिवळा, मग नीळ घातलेला चुना. कुठला रंग कुणाच्या लग्नात दिला ते शेजारी पेन्सिलीनं लिहिलंय. मी सगळ्यात खालचा गिलावा नखानं टोकरून बघितला. कणभर सुटला नाही. गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालून घाण्यात दगडी चाकाखाली मळलेला चुना असाच धरतो. ह्याबद्दल एका पाटीवर एक ओळ नाही. लग्नं लिहिली, गवंडी राहिला! ह्याचा अर्धा गुण मी कापलाय.

तिसरं घर विणकराचं. शहापूर सांगली संस्थानात होतं तेव्हापासून माग चालायचा म्हणतात. माग गेलाय, पाय सोडायचा खड्डा तेवढा उरलाय. त्यातून आढ्यापर्यंत सूत ताणलंय, आणि दुपारी कौलातल्या काचेतून ऊन आलं की सगळ्या तारा एकदम पेटल्यासारख्या दिसतात. खड्ड्यात पाय सोडून बसायची परवानगी आहे. माझे गुडघे तयार नव्हते, नात बसली.

मागची मातीची भिंत मात्र बाहेरच्या अंगाला चार बोटं झुकलीय. अशी भिंत पावसात जेवढी पडते तेवढीच नंतर सुकताना पडते. पोरांना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी दोन वाशांचे टेकू लावलेले दिसले. तरी लहान मुलांना परसाकडं सोडू नका.

नातीनं घरी येऊन मोबाइलवर दाखवलं, लंडनला 1993 साली रेचल व्हाइटरीड नावाच्या बाईनं पाडायच्या घराच्या आतून काँक्रीट भरलं आणि बाहेरच्या भिंती सोलून काढल्या. म्हणजे घराचंच शटरिंग, काँक्रीट ओतायचा साचा केला! खोल्यांच्या आतली पोकळी तेवढी घट्ट होऊन उभी राहिली, आणि जानेवारी 1994 मध्ये तीही पाडली. काम बघून मी गार झालो. पण आपल्या मातीच्या भिंतीनं ओल्या काँक्रीटचा रेटा सोसला नसता, हेही सांगून ठेवतो.

पाचपैकी साडेचार. रविवारपर्यंत आहे, संध्याकाळी पाचच्या आत जा, लाइट तोडलीय.

मी निघताना तिसऱ्या घरात एक माणूस टेप लावून सागवानी तुळया मोजत होता आणि खडूनं त्यावर आकडे टाकत होता. दोन कॉलेजच्या पोरी बाजूला उभ्या राहून गपचूप बघत होत्या. एकीनं फोटो काढला, दुसरीनं त्याच्या नावाची पाटी शोधली. तो वखारवाला होता. मी काही बोललो नाही.